तिकीट सासरच्या नावाचं, पासपोर्ट माहेरच्या: बालीला निघण्याआधी

तुमच्या प्रश्नातल्या एका ओळीवर थांबलो. "बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे, तिकीट लग्नानंतरच्या नावाने आलंय, एजन्सी म्हणते काही होत नाही." होतं. आमच्या घरी हीच भानगड झाली होती आणि अख्ख्या सहलीत सगळ्यात जास्त पैसे नि झोप तिनेच खाल्ली. म्हणून हॉटेल कुठलं, बीच कुठला हे नंतर. पासपोर्ट सहा महिने वैध हवा, फाटका-भिजलेला नको, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

आपल्या पासपोर्टवर नावाचे दोनच रकाने असतात, आडनावाचा आणि उरलेल्या नावाचा. मधलं नाव पहिल्या नावाच्या शेजारी जाऊन बसतं. नवऱ्याचं काही बिघडत नाही. पण आपल्याकडे लग्नानंतर बाईची तीनपैकी दोन नावं बदलतात. समजा स्नेहा प्रकाश जोशीची स्नेहा अमोल कुलकर्णी झाली, तर काउंटरवरच्या माणसासाठी पासपोर्ट एकीचा आणि तिकीट दुसरीचं. स्पेलिंगमधली दोन-तीन अक्षरं बहुतेक विमान कंपन्या सुधारून देतात. एकाचं तिकीट दुसऱ्याच्या नावावर मात्र करत नाहीत. तुमची केस या दोन्हींच्या मधली आहे, म्हणूनच ती टोलवली जाते. एजन्सी म्हणते कंपनीला विचारा, कंपनी म्हणते तिकीट एजन्सीने काढलंय, बदल त्यांच्याकडूनच यायला हवा. इथे कंपनीचं म्हणणं बरोबर असतं, मागे एजन्सीच्याच लागायचं.

आज रात्रीच करायची गोष्ट: एजन्सीने पाठवलेली पीडीएफ बाजूला ठेवा. विमान कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर सहा अक्षरी पीएनआर टाकून तिथे नाव काय दिसतं ते बघा. खरं तिकीट तेवढंच. तक्रार केल्यावर काही एजन्सीवाले दुसऱ्या दिवशी 'सुधारित' पीडीएफ पाठवतात. त्यात नाव बदललेलं असतं, कारण ते त्यांनी स्वतः टाइप केलेलं असतं. कंपनीच्या नोंदीत जुनंच नाव. आम्हाला नेमकी हीच पीडीएफ मिळाली होती. तिच्यावर विसंबून माणूस थेट चेक-इनच्या रांगेत उभा राहतो, आणि पहाटे अडीचला एजन्सीचा फोन कोण उचलणार?

मग ईमेल लिहा. व्हॉट्सॲपवरचा निळा टिक हा पुरावा नव्हे. सोबत पासपोर्टचं पहिलं पान आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडा. दोन नावं एकाच व्यक्तीची आहेत हे त्या दाखल्यावरूनच कळतं. मागणी स्पष्ट करा: पासपोर्टप्रमाणे नाव दुरुस्त करून तिकीट पुन्हा जारी करा. नुसती नोंद सुधारून भागत नाही. मोठ्या कंपन्यांच्या तिकिटाला तेरा आकडी ई-तिकीट क्रमांक असतो आणि कधीकधी पीएनआरमध्ये नवं नाव, ई-तिकिटावर जुनं असा घोळ राहतो. प्रवास दोन कंपन्यांचा असेल, म्हणजे सिंगापूर किंवा क्वालालंपूरला विमान बदलून, तर दोन्ही टप्पे आणि परतीचे दोन्ही टप्पे वेगवेगळे तपासा. (तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील तर तेही बघा. सामान सिंगापूरला हातात घ्यावं लागलं की बाहेर पडायला आपल्याला तिथला व्हिसा लागतो.)

आठवड्याभरात काही हललं नाही तर फक्त बायकोचं तिकीट रद्द करून नवं काढा. भाडं रोज चढतं, भांडण नंतरही करता येतं. एजन्सीकडे पासपोर्टची प्रत आधी दिली होती हे ईमेलवर दिसत असेल तर खर्च त्यांच्याकडून मागा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली की त्यांचा सूर बदलतो, निदान बऱ्याचदा. मी वकील नाही, तेव्हा यापुढचं जाणकाराला विचारा.

"मग पासपोर्टच नव्या नावाने करून घ्या" असा सल्ला तुम्हाला मिळालाच असेल. घाईत करू नका. तत्काळचे ३५०० रुपये हा प्रश्न नाही. नावाबरोबर सासरचा पत्ताही बदलायला गेलात तर पोलीस पडताळणीत कधी अडकेल याचा नेम नाही, आणि जुना पासपोर्ट तेव्हा रद्द झालेला असतो. लग्न झालं म्हणून नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. आहे त्या पासपोर्टवर फिरून या, आल्यावर सावकाश ठरवा. प्रवास विमाही पासपोर्टवरच्याच नावाने काढा, नाहीतर क्लेमच्या वेळी हाच तमाशा पुन्हा.

इंडोनेशियाचा ई-व्हिसा नावाचा घोळ मिटल्याशिवाय भरू नका. तो पासपोर्टच्या नंबराला बांधलेला असतो आणि चुकीचा भरला तर पैसे परत नाहीत. फी ५ लाख रुपिया, ३० दिवसांसाठी. सरकारी साइटचा पत्ता 'डॉट गो डॉट आयडी'ने संपतो. तसा नसेल तर ती दलालाची साइट समजा. विमानतळावर उतरूनही हा व्हिसा मिळतो. बालीचा वेगळा पर्यटक कर दीड लाख रुपिया, माणशी. उतरण्याआधीच्या तीन दिवसांत 'ऑल इंडोनेशिया' हा फॉर्म भरायचा, तो फुकट आहे. नियम बदलत राहतात, निघायच्या आठवड्यात एकदा बघून घ्या.

आता तुमच्या कार्यक्रमपत्रिकेबद्दल. १७ मार्चला पोहोचणार आणि 'दिवस तिसरा: नुसा पेनिडा बेटाची सहल'. तिसरा दिवस म्हणजे १९ मार्च २०२६, आपला गुढीपाडवा आणि बालीचा न्येपी, म्हणजे तिथल्या हिंदूंचं मौनात पाळायचं नववर्ष. त्या दिवशी सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत अख्खं बेट बंद. विमानतळ बंद, बोटी बंद, रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, दिवे मंद, मोबाइलचं इंटरनेटही बंद. पर्यटकांना सूट नाही. गावचे स्वयंसेवक गस्त घालतात आणि हॉटेलात परत पाठवतात. एजन्सीने जुनी पत्रिका नुसती तारीख बदलून चिकटवली आहे, हे यावरून कळतंच. तिथलं वर्षही शकाचंच, म्हणून २०२३ मध्येही दोन्ही सण एकाच दिवशी आले होते. पण अधिक महिन्याचा हिशोब वेगळा असल्याने दर वर्षी जुळत नाही. २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला आणि पाडवा ९ एप्रिलला होता. पाडव्याची सुट्टी जोडून बालीला जाणाऱ्यांनी तिकिटाआधी एवढं बघावं.

तारखा बदलू नका असं मी म्हणेन. जोडप्याला सक्तीची विश्रांती वाईट नाही, फक्त जागा विचार करून निवडा. १७, १८, १९ उबुदला, जिथे आवारात पोहण्याचा तलाव आणि स्वतःचं स्वयंपाकघर आहे अशा हॉटेलात. नुसता व्हिला घेतलात तर त्या दिवशी बाहेरून जेवण येणार नाही, एटीएमही बंद. तिन्ही वेळच्या जेवणाचं आधी लेखी विचारून ठेवा. १८ च्या संध्याकाळी राक्षसांच्या प्रचंड पुतळ्यांची, ओगोह-ओगोहची मिरवणूक असते. ती चुकवू नका, पण दुपारनंतर रस्ते बंद होतात, म्हणून चालत परत येता येईल एवढ्यावरच थांबा. २० आणि २१ दक्षिणेला, जिंबारान किंवा उलुवातू. पाच रात्रींत दोन हॉटेलं पुरे, एजन्सीने चार घातलीत ती फक्त बॅगा भरण्यासाठी. त्याच आठवड्यात ईद आहे, जावातून सुट्टीची गर्दी येईल, त्यामुळे गाडीला वेळ धरताना नकाशातल्या वेळेत अर्धा तास मिळवा. नुसा पेनिडा मी वगळीन. सानूरहून बोट पाऊण तासाच्या आत पोहोचते, पण बेटावरचे रस्ते हाडं खिळखिळी करणारे आहेत आणि परतीच्या आदल्या दिवशी समुद्र बिघडला तर पंचाईत.

गाडी चालकासह दिवसभराला साधारण सहा ते आठ लाख रुपिया. हिशोबाला तीन शून्यं खोडा आणि साडेपाचने गुणा, ढोबळ रुपये निघतात. चालकाला आधीच सांगा की लुवाक कॉफी (उदमांजराच्या विष्ठेतून वेचलेल्या बियांची), बाटिक, चांदीची दुकानं नकोत. ती 'दर्शनं' कमिशनची असतात, आणि ती कॉफी बनवण्यासाठी पिंजऱ्यात कोंबलेली जनावरं बघवत नाहीत. उलुवातूच्या देवळात चष्मा खिशात ठेवा, माकडं तो पळवतात आणि फळ दिल्याशिवाय सोडत नाहीत. एटीएममध्ये आधी नोटा आणि मग कार्ड बाहेर येतं, पैसे मोजत निघून जाऊ नका. 'रुपयांत बदलून हवं का' असं विचारलं तर नाही म्हणा.

बायको शाकाहारी आहे असं लिहिलंय तुम्ही. तिथे 'व्हेज' म्हटल्यावरही सांबलमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या ठेच्यात, सुक्या कोळंबीची चटणी, तेरासी, असते. "तान्पा तेरासी, तान्पा इकान, तान्पा दागिंग" हे वहीत लिहून दाखवा: तेरासी, मासे, मांस नको. अंडं नको असेल तर "तान्पा तेलुर". टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि ताहू (टोफू) कुठेही मिळतं, गाडो-गाडो, म्हणजे शेंगदाण्याच्या सॉसमधल्या उकडलेल्या भाज्या, मागवताना त्या सॉसमध्ये तेरासी आहे का ते विचारा. पाणी नळाचं नको, दात घासायलाही नको. ओआरएसची चार पाकिटं इथूनच न्या.

लग्नाबाहेरचे शरीरसंबंध गुन्हा ठरवणाऱ्या इंडोनेशियाच्या नव्या कायद्याचा फॉरवर्ड व्हॉट्सॲपवर फिरतोय, त्याबद्दल विचारलंय. २ जानेवारी २०२६ पासून तो लागू आहे खरा, पण तक्रार जोडीदार, आईवडील किंवा मुलांनीच करायची असते, आणि तुमचं तर लग्न झालेलं आहे. हॉटेलात कुणी लग्नाचा दाखला मागत नाही. तरी मूळ प्रत हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या काउंटरसाठी. पीएनआर तपासलात की कंपनीच्या साइटवर नेमकं काय दिसलं ते इथे लिहा, म्हणजे ईमेलचा मसुदा देतो.