नव्या नटाला, प्रसिद्धी आणि वयाविषयी

पहिला चित्रपट चालला की लोक रस्त्यात ओळखू लागतात आणि त्या ओळखीलाच आपण काम समजू लागतो; तू तेवढे टाळ. १९७० च्या 'जॉनी मेरा नाम'मध्ये सुलोचनाबाईंनी देव आनंद यांच्या आईची भूमिका केली, तेव्हा त्या त्यांच्याहून जवळजवळ पाच वर्षांनी लहान होत्या. मराठी पडद्यावर नायिका म्हणून नाव कमावलेल्या या अभिनेत्रीने आईच्या भूमिका मन लावून केल्या आणि त्या बळावर ती हिंदीत दीर्घकाळ टिकली, तरी नायकाचे वय न मोजणाऱ्या या व्यवसायाने स्त्रीचे मात्र नेहमी मोजले, हे मला आजही अन्यायाचे वाटते. डॉ. श्रीराम लागू यांनी शल्यचिकित्सकाचा व्यवसाय सोडून पूर्णवेळ अभिनय पत्करला तो १९६९ मध्ये, चाळिशी उलटल्यावर. तेव्हा उशीर झाला असे कोणी म्हणाले तर मनावर घेऊ नकोस.

समोरच्या नटाचा क्लोज-अप चालू असताना मेकअप व्हॅनमध्ये जाऊन बसू नकोस. कॅमेऱ्याशेजारी उभा राहून, त्याच्या नजरेला नजर देत, आपले संवाद पूर्ण ताकदीने म्हण, कारण त्याचा चेहरा तुझ्या बोलण्यावरच हलतो. वय वाढले की पाठांतराला वेळ लागतो आणि रात्रीच्या चित्रीकरणाचा शीण दोन दिवस उतरत नाही, म्हणून आवाज आणि शरीर आत्तापासून सांभाळ. पहिल्या मोठ्या मानधनावर घराचे हप्ते अंगावर घेण्याआधी, काम नसलेल्या वर्षभराची सोय बाजूला काढून ठेव.