इंजिनमधून ऑइल गळतंय, मेकॅनिक गिअरबॉक्स उतरवायला सांगतोय. उतरवू का, की टॉप-अप करत चालवू?

नका उतरवू. या रविवारपर्यंत तरी नका.

तुमची वॅगनआर २०११ची, रोज सकाळी गाडीखाली रुपयाएवढा काळा डाग, मेकॅनिकने वाकून बघितलं आणि "क्रँकचं ऑइल सील गेलंय, आठ हजार लागतील" असं सांगून मोकळा झाला. (हे सील म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाआत ऑइल अडवणारी रबरी कडी.) त्याने आधी इंजिन धुतलं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणजे धुतलं नसणार. तिथेच माझी जुनी ठसठस उठली, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

माझी मारुती ८०० होती. १९९८ची, कार्बोरेटरवाली, २००६ साली सेकंडहँड घेतलेली. आम्ही चिपळूणला आणि बायकोचं माहेर कराडला, त्यामुळे कुंभार्ली घाट त्या गाडीला तोंडपाठ होता. २००९च्या जुलैत अंगणातल्या फरशीवर डाग दिसायला लागला. कोकणातल्या पावसात ओल्या फरशीवर ऑइलचा एक थेंब पडला तरी हातभर इंद्रधनुष्य पसरतं. मला वाटलं, इंजिन रिकामं झालं. डिपस्टिक काढून बघितली तर पातळी जेमतेम केसभर उतरलेली. तिथे गप्प बसायला हवं होतं. पण मी पाना घेऊन गाडीखाली शिरलो आणि ड्रेन बोल्ट (जुनं ऑइल सोडायचा तळाचा बोल्ट) आवळला. त्याचं पुढे सांगतो, कारण ती गोष्ट माझ्या बाजूची नाही.

ऑगस्टमध्ये कराडला गेलो तेव्हा थोरल्या मेव्हण्यांनी दारातला डाग बघितला. त्यांना आम्ही दादा म्हणतो. दादांना गाड्यांतलं सगळं कळतं. निदान जेवायला बसल्यावर तरी कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी त्यांच्या ओळखीच्या गॅरेजात. तिथल्या माणसाने इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली हात घातला, काळं झालेलं बोट आम्हाला दाखवलं आणि म्हणाला, "क्रँक सील." दादांनी मान डोलावली. निदान संपलं.

गिअरबॉक्स खाली आला तेव्हा मी तिथेच उभा होतो. क्लचच्या घरात आतून क्लच प्लेटची राखाडी भुकटी, सुकी खडखडीत. मागचं सील गळत असेल तर ऑइल सगळ्यात आधी तिथे येतं, भुकटीचा काळा चिखल होतो, क्लच घसरतो. माझा क्लच घाटात दुसऱ्या गिअरवर एकदाही घसरला नव्हता. मी म्हटलं, "आत तर कोरडं आहे." मेकॅनिकने दादांकडे बघितलं, दादांनी माझ्याकडे. "आता उघडलंच आहे तर टाकून घ्या नवीन. पुन्हा पुन्हा कोण उतरवणार?"

या एका वाक्यावर महाराष्ट्रातली निम्मी गॅरेजं चालतात असं माझं मत आहे. माझे ३२०० रुपये गेले. जुनं सील तेवढं मी मागून घेतलं.

परतताना हेळवाकला चहाला थांबलो. वाकून बघितलं तर थेंब त्याच जागी लोंबत होता. दादांना फोन केला. ते म्हणाले, "नवीन सील आहे, बसायला वेळ लागतो." अहो, त्या काय चपला आहेत?

चिपळूणला एसटीतून रिटायर झालेले एक काका घराच्या पडवीत किरकोळ कामं करायचे. गाडी बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "धुतली होती का?" नाही म्हटल्यावर त्यांनी खाली वाकायचेही कष्ट घेतले नाहीत. डिस्ट्रिब्युटरवर (प्लगना ठिणगीसाठी करंट वाटणाऱ्या भागावर) प्लास्टिकची पिशवी बांधली, रॉकेल आणि जुना ब्रश घेऊन इंजिन वरपासून खालपर्यंत घासलं, पुसलं, तासभर वाळवलं. मग घरातली टाल्कम पावडर आणली आणि डब्याच्या भोकांतून इंजिनच्या अंगावर उडवली. टॅपेट कव्हरची (इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाची) कड, डिस्ट्रिब्युटरची बैठक, फिल्टरच्या वर, चेंबरचा (तळाच्या ऑइलच्या डब्याचा) जोड. गाडी देवळातल्या मूर्तीसारखी दिसायला लागली. "बहादूरशेख नाक्यापर्यंत जाऊन या," म्हणाले.

आलो. काकांनी हातातली बॅटरी आणि दाढीचा छोटा आरसा घेतला. पांढऱ्या पावडरीवर एकच काळी रेघ होती. त्या मारुतीत डिस्ट्रिब्युटर हा हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) गिअरबॉक्सकडच्या टोकाला बसतो आणि कॅमशाफ्टवर फिरतो. रेघ त्याच्या बुडातून निघाली होती, हेडच्या अंगावरून खाली, तिथून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडात, आणि जोडाच्या सगळ्यात खालच्या बिंदूवर थेंब. कौलारू घरात राहिलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. कौल फुटतं आढ्याजवळ, पाणी वाशावरून घरंगळतं आणि टपकतं स्वयंपाकघरात. थेंबाच्या बरोबर वरचं कौल बदलणारा माणूस कोकणात वेडा ठरतो. गॅरेजात मात्र तोच मिस्त्री.

काकांनी डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी त्याच्या बैठकीवर स्क्रू-ड्रायव्हरने खूण ओरखडली. ती नसेल तर परत बसवताना ठिणगीचं टायमिंग हलतं. आतली रबरी ओ-रिंग चपटी आणि कडक झाली होती, वाकवली तशी काचेच्या बांगडीसारखी तडकली. नवीन रिंग २० रुपयांची, मजुरी त्यांनी दीडशे सांगितली. थेंब थांबला तो गाडी विकेपर्यंत.

तर तुमच्याबद्दल. काळं-तपकिरी आणि बोटाला चिकट, म्हणजे इंजिन ऑइलच, हे धरून चालतो. रविवारी गाडी गार असताना इंजिन डिग्रीजरने धुऊन घ्या. अल्टरनेटर आणि वायरिंगच्या जोडांवर प्रेशरचं पाणी मारू देऊ नका. वाळलं की पावडर, मग आठ-दहा किलोमीटर चक्कर, मग बॅटरी घेऊन बघा. बघायचं वरून खाली आणि पुढून मागे, कारण ऑइल खाली उतरतं आणि चालत्या गाडीत वारा त्याला मागे ढकलतो. सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली जागा हा गुन्हेगार. बाकी सगळी ओल त्याच्या पदरची. एकदा दिसलं नाही तर पुन्हा धुवा. रात्री गाडीखाली पुठ्ठा घालून ठेवा, पण सपाट जागेवर. माझं अंगण उताराचं, त्यामुळे थेंब चेंबरवरून घरंगळून ड्रेन बोल्टाला लोंबायचा आणि मी तीन आठवडे त्या बिचाऱ्या बोल्टावर संशय घेतला. एवढा आवळला की आटे गेले. चेंबर काढून आटे नव्याने पाडून घ्यावे लागले. दादा हे प्रत्येक लग्नात सांगतात. बरोबर आहे त्यांचं, तेवढं माझ्या नावावर. बोल्टाला नवीन वॉशर लागतो, जोर लागत नाही.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळत असेल तरीही तेच. नवीन पॅकिंग टाका, बोल्ट मनगटाच्या ताकदीने आणि आळीपाळीने आवळा. खांद्याची ताकद लावलीत तर पॅकिंग कोपऱ्यातून बाहेर येतं आणि आधीपेक्षा जास्त गळतं. त्यावर सिलिकॉनचं लिंपण करणारा मेकॅनिक दिसला तर गाडी घेऊन निघा. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूने सुटतं, चेंबरमध्ये पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीला जाऊन बसतं. जिथे कंपनीनेच सिलिकॉन दिलंय तिथे ठीक, पण तिथेही शेवयाएवढी धार पुरते.

आणखी एक, जे दादांना आजही पटत नाही. गळतीवर जाड ऑइल हा इलाज नाही. "ट्वेंटी-फिफ्टी टाका, थांबेल" (म्हणजे 20W-50, जाड ऑइल) हे त्यांचं सगळ्या रोगांवरचं औषध. तुमच्या गाडीचं के-सीरिज इंजिन पातळ ऑइलवर चालायला बनवलेलं आहे. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड लिहिलाय तोच घाला, नाहीतर सकाळी गार इंजिनमध्ये ऑइल वर पोहोचायला उशीर होतो आणि झीज नेमकी तेव्हाच होते. फाटक्या पिशवीत दुधाऐवजी बासुंदी ओतली म्हणून पिशवी शिवली जात नाही.

सील बदलूनही दुसरीकडून गळायला लागलं तर ब्रीदर आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या पोटातली कोंडलेली हवा बाहेर सोडणारी नळी आणि झडप) बघा. तो काजळीने तुंबला की क्रँककेसमधली हवा कोंडते आणि मिळेल त्या सीलमधून ऑइल बाहेर ढकलते. दोन-पाचशेचा भाग, पण कुणी उघडून बघत नाही. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करा. झाकण नुसतं थरथरलं तर ठीक, पण आतून फकफक धूर आला तर प्रश्न पिस्टनच्या रिंगांचा असू शकतो, आणि मग सीलचा विचार नंतर.

आता जे खरं म्हणजे आधी सांगायला हवं होतं. तुमच्या वॅगनआरमध्ये डिस्ट्रिब्युटर नाहीच, त्यामुळे माझी २० रुपयांची रिंग तुमच्या कामाची नाही. तिला टायमिंग बेल्टही नाही, चेन आहे. तुम्ही टॅपेट कव्हर, प्लगच्या विहिरी (प्लग काढल्यावर आत ऑइल साचलेलं दिसतं), चेनच्या कव्हरचा जोड, ऑइल प्रेशरचा स्विच, फिल्टर आणि ड्रेनचा वॉशर या क्रमाने बघा. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आणि वर नवीन बसवला, असंही होतं. दोन रिंगा एकावर एक म्हणजे गळती ठरलेली.

आणि तुमचा मेकॅनिक खरंच बरोबर असू शकतो. धुतल्यावर वरचं सगळं कोरडं राहिलं आणि फक्त इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडातून खालीच थेंब आला, किंवा क्लच घसरायला लागला, तर सील गेलंय आणि आठ हजार द्यावे लागतील. तेव्हा क्लच प्लेटही बघून घ्या. हो, "आता उघडलंच आहे तर" हे मीच म्हणतोय, पण क्लच खरंच झिजला असेल तरच.

टॉप-अप करत चालवायचं का, हे विचारलंत. रोजचा रुपयाएवढा डाग काही आणीबाणी नाही. दर रविवारी डिपस्टिक बघा, पातळी दोन खुणांच्या मध्ये ठेवा. त्या दोन खुणांत बहुतेक गाड्यांत लिटरभराच्या आसपास अंतर असतं, त्यावरून गळती मोजता येते. डॅशबोर्डवरचा लाल दिवा पातळीचा नसून दाबाचा आहे. तो चालत्या गाडीत लागला तर गॅरेजपर्यंत न्यायची नाही, तिथेच इंजिन बंद. जळकट वास येत असेल तर ऑइल गरम सायलेन्सरवर पडतंय, तिथे मात्र एक दिवसही थांबू नका, आग लागू शकते. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका, खाली स्टँड हवाच.

दादा आजही म्हणतात, "सील तेव्हा बदललं म्हणून क्लच टिकला." ते काढलेलं सील माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे, लिप (आतली रबरी कड) शाबूत, स्प्रिंगसकट. दर दिवाळीला मी त्यांना बघायला या म्हणतो. येतात, फराळ करतात, खण उघडू देत नाहीत.