बोनिफासिओ: अर्धा दिवस नको, एक रात्र तरी द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कोर्सिका (भूमध्य समुद्रातलं फ्रान्सचं बेट), मुक्काम पोर्तो-वेक्कियोजवळ, भाड्याची गाडी, सोबत सासू-सासरे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, सासूबाई पूर्ण शाकाहारी. बेटाच्या दक्षिण टोकाला असलेल्या बोनिफासिओ गावात सकाळी अकराला पोचून चारला परत निघालं तर सगळं बघून होईल का? मी मार्सेयला राहते, बोनिफासिओला तीनदा गेले आहे आणि त्यातल्या एका खेपेला माझे आई-बाबा सोबत होते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अकरा ते चार नका करू. पहिल्या वेळी आम्ही नेमकं तेच केलं होतं. गाव पांढऱ्या चुनखडीच्या कड्यावर वसलंय, त्यामुळे दुपारी ऊन वरून येतं तसंच खालच्या दगडावरूनही डोळ्यांत येतं. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून दोन माणसं आली तर अंग चोरून उभं राहावं लागतं, आणि उन्हाळ्यात त्याच वेळात दिवसभराच्या सहलीचे सगळे लोक वर असतात. फोटो काढले, आइस्क्रीम खाल्लं, परत आलो. गाव बघितल्यासारखं वाटलंच नाही. दुसऱ्या वेळी वरच एक रात्र राहिलो. संध्याकाळी सातनंतर सहलीच्या गाड्या निघून गेल्यावर त्याच गल्लीत घरांच्या खिडक्यांतून भांड्यांचे आवाज यायला लागले, तेव्हा कुठे हे गाव कळायला लागलं. तुमच्याकडे आठ दिवस आहेत, त्यातली एक रात्र इथे द्या.

आधी रचना समजून घ्या, म्हणजे सासऱ्यांसाठी काय झेपेल ते ठरवता येईल. समुद्राचा एक चिंचोळा फाटा साधारण दीड किलोमीटर आत घुसलाय, तेच बंदर. तो फाटा आणि खुला समुद्र यांच्यामध्ये एक लांबट कडा उरलाय, आणि त्या कड्याच्या माथ्यावर जुनं गाव. खाली बंदरावर हॉटेलं, बोटी, गाडीतळ. वर जायला रास्तेल्लोची चढण, मग सां-रॉकची खिंड, मग आणखी एक चढण आणि जेनोवा दरवाजा. कित्येक शतकं गावात शिरायला हा एकच दरवाजा होता. त्याचा उचलता येणारा पूल सोळाव्या शतकाच्या शेवटचा, आणि पूल ओढायची चक्रं-वजनं अजून जागेवर आहेत, ती आवर्जून बघा. ही सगळी चढण सासऱ्यांनी पायी करू नये. बंदरापासून वर छोटी पर्यटक-गाडी जाते, रबरी चाकांची, आगगाडीसारखी दिसणारी. तिने जा. आणखी एक दरवाजा नंतर उघडला, त्या बाजूने गाडीरस्ता वर येतो. सामान असेल तर मुक्कामाच्या मालकांना आधी विचारा की गाडी कुठपर्यंत आणता येईल.

मुक्कामाबद्दल कळकळीने सांगते, कारण इथे माझी चूक झाली होती. जुन्या घरांचे जिने शिडीसारखे उभे असतात. पूर्वी खरोखरच शिड्या होत्या. दार वरच्या मजल्यावर, रात्री शिडी आत ओढून घ्यायची. पुढे त्या शिड्यांच्या जागी दगडी पायऱ्या आल्या, पण चढ तसाच राहिला. मी काही न विचारता तिसऱ्या मजल्यावरची खोली घेतली होती. बाबा पायऱ्यांवर हात टेकत, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत चढले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांना चालवलं नाही. घरमालकाचा काही दोष नव्हता, मीच विचारलं नव्हतं. तुम्ही खोली घेताना कितवा मजला, किती पायऱ्या, कठडा आहे का, हे तीन प्रश्न लेखी विचारा. तळमजला मिळत नसेल तर खाली बंदरावर राहा आणि संध्याकाळी वर या.

आता गावाबद्दल. माहितीपत्रकांत वेढे, राजे, सम्राट हेच जास्त असतं. मी मात्र सांगेन की हे गाव पाण्याच्या अंगाने बघा. आपण सह्याद्रीतला कुठलाही गड बघताना टाकी शोधतोच ना? आज्ञापत्रातही गड बांधण्याआधी पाणी पाहावं असं सांगितलंय. इथेही तोच प्रश्न होता: तिन्ही बाजूंनी समुद्र, पायाखाली सच्छिद्र चुनखडी, वर ना नदी ना ओढा. इटलीतल्या जेनोवा या नगरराज्याने 1195 मध्ये इथे आपले लोक आणून वसवले. त्यांची लिगुरियन, म्हणजे जेनोवाकडची, बोली गावातल्या काही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहे, आणि ती बाकी कोर्सिकन भाषेपेक्षा निराळी आहे. या लोकांनी पावसाचा थेंब न् थेंब साठवायची सोय केली. गल्लीत उभं राहून वर बघा. समोरासमोरच्या घरांना जोडणाऱ्या दगडी कमानी दिसतील. आम्हाला पहिल्यांदा वाटलं की घरं कलू नयेत म्हणून दिलेले टेकू आहेत. टेकू तर आहेतच, पण कित्येक कमानींच्या पाठीवर पन्हळ कोरलेली आहे. एका छपरावरचं पाणी कमानीवरून पलीकडे जायचं आणि तिथून खालच्या टाकीत. सांत-मारी-माज्योर हे बाराव्या शतकातलं चर्च, त्याच्यासमोरच्या कमानदार ओसरीखाली गावाची मोठी सार्वजनिक टाकी होती. त्याच ओसरीत गावाचे पुढारी बसून कारभार बघत. पाणी आणि पंचायत एकाच छपराखाली, हे मला फार आवडलं.

हे डोक्यात ठेवलं की तिथला सगळ्यात प्रसिद्ध जिनाही वेगळा दिसतो. कड्याच्या दक्षिण अंगाला तिरका, साधारण 45 अंशांत, समुद्राकडे उतरणारा 187 पायऱ्यांचा जिना आहे. नाव आरागॉनच्या राजाचा जिना. 1420 मध्ये स्पेनमधल्या आरागॉनचा राजा पाचवा आल्फोन्सो याने गावाला वेढा घातला. तो काही महिने चालला, पण गाव पडलं नाही. दंतकथा अशी की त्याच्या सैनिकांनी एका रात्रीत हा जिना कोरला. एका रात्रीत हे होणं शक्य नाही, ते बघताक्षणी कळतं. जिन्याच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचा झरा आहे, त्यापर्यंत पोचायला फ्रान्सिस्कन साधूंनी हा उतार कोरला असावा, हे जास्त पटतं. तिथे उतरताना भिंतीला हात लावा. चुनखडीचे थर बोटांना लागतात, मऊ थर वाऱ्याने खाऊन आत गेलेले, कठीण थर कपारीसारखे पुढे आलेले. एका ठिकाणी मला शिंपल्याची अख्खी कड दगडात रुतलेली दिसली, नखाएवढी. म्हणजे आपण समुद्राच्या जुन्या तळातून खाली चाललोय. बाकीचं कोर्सिका बहुतांशी ग्रॅनाइटचं, हा टोकाचा तुकडाच चुनखडीचा, म्हणून तो असा पांढरा आणि असा ताशीव.

सासऱ्यांनी या जिन्यावर अजिबात जाऊ नये. पायऱ्या उंच आणि असमान आहेत आणि उतरलेलं सगळं परत चढावंच लागतं. वारा जोराचा असेल तर तो बंद ठेवतात, तेव्हा तुम्हीही आदल्या दिवशी चौकशी करा. त्यांना हाच जिना बोटीतून दाखवा. समुद्रावरून तो कड्यावर कुणीतरी पट्टीने मारलेल्या तिरक्या रेघेसारखा दिसतो.

बोट मात्र चुकवू नका, आणि ती पहिल्याच दिवशी घ्या. बंदरातून साधारण तासाभराच्या फेऱ्या निघतात. त्या स्द्रागोनातो नावाच्या गुहेत शिरतात. तिच्या छताला पडलेलं भोक कोर्सिकाच्या नकाशासारखं दिसतं आणि त्यातून ऊन पाण्यावर पडतं. मग बोट कड्याखालून जाते. पायथा लाटांनी कोरून आत गेलाय आणि वरची घरं अक्षरशः हवेत पुढे आलीत. वर राहताना हे कळत नाही. मी आदल्या रात्री ज्या ओळीत झोपले होते ती ओळ खालून बघितली आणि बराच वेळ काही बोलले नाही. बोटीत चढताना हात द्यायला माणूस असतो, बाबांना तेवढं जमलं.

दुसरी मोठी फेरी लावेझ्झी बेटांची. तिथे दुकान नाही, पिण्याचं पाणी नाही, सावली जवळजवळ नाही, त्यामुळे सासू-सासऱ्यांना नेऊ नका. तुम्ही दोघं जाणार असाल तर पाणी आणि टोपी घ्या आणि तिथली दफनभूमी बघून या. 15 फेब्रुवारी 1855 ला क्रिमियाच्या युद्धावर सैनिक घेऊन निघालेलं सेमियांत नावाचं फ्रेंच जहाज वादळात या खडकांवर फुटलं. सुमारे 700 माणसं होती, एकही वाचलं नाही. आज निळंशार, शांत पाणी बघताना हे खरं वाटत नाही. पण कोर्सिका आणि इटलीचं सार्डिनिया बेट यांच्यामधली ही सामुद्रधुनी वाऱ्याची आहे. पश्चिमेचा वारा सुटला की बोटी रद्द होतात, जूनमध्येसुद्धा. म्हणूनच म्हणते, बोट पहिल्या दिवसाला ठेवा, म्हणजे रद्द झाली तर दुसरा दिवस हाताशी राहतो.

सकाळी लवकर, सातच्या सुमारास, सां-रॉकच्या खिंडीत या. तिथलं छोटं चॅपल 1528 च्या प्लेगच्या आठवणीचं आहे. त्या साथीत गावातली बहुतेक वस्ती संपली होती. खिंडीतून कड्याच्या काठाने पर्तुसातोच्या दीपगृहाकडे पायवाट जाते. सासऱ्यांना सगळी वाट चालायची गरज नाही. सुरुवातीचा चढाचा तुकडा सावकाश पार केला की मागे वळून गाव समोर दिसतं: पांढरा कडा, त्यावर घरांची रांग, आणि खाली समुद्रात सुटून पडलेला एक अवाढव्य खडक, ज्याला तिथे ‘वाळूचा कण’ म्हणतात. काठाला कठडा नाही आणि काठ खालून पोकळ असतो, त्यामुळे फोटोसाठी पुढे जाऊ नका, मुलं असली तर हात धरा. समोर सार्डिनिया दिसेल, जेमतेम 12 किलोमीटरवर. बोनिफासिओहून तिथल्या सांता तेरेसाला बोट जाते, तासाभराच्या आत पोचते. तुमच्या शेंगेन व्हिसावर जाता येईल, पण या खेपेला तो मोह टाळा. घाई होईल.

आतल्या गल्ल्यांत एक ठिकाण गंमतीचं आहे. सम्राट पाचवा चार्ल्स 1541 मध्ये अल्जीयर्सची मोहीम फसून परतताना ज्या घरात उतरला, त्याच्या जवळपास समोरच्याच घरात 1793 मध्ये तरुण नेपोलियन राहिला होता. तेव्हा तो सार्डिनियाकडच्या मादालेना बेटाच्या मोहिमेसाठी आला होता आणि तीही फसली. दोन्ही घरं बाहेरूनच बघायची, पाच मिनिटांचं काम.

सासूबाईंच्या जेवणाचं. चांगली बातमी म्हणजे इथला खास पदार्थ आहे भरलेलं वांगं. पण आपल्या भरल्या वांग्यासारखं शेंगदाणा-खोबऱ्याचं नाही. वांगी अर्धी कापून उकडतात, गर काढून तो दुधात भिजवलेला पाव, किसलेलं चीज, लसूण आणि तुळशीच्या जातीची बाझिलिक यांत मिसळून परत सालीत भरतात, तळतात आणि वर टोमॅटोचा रस. सारणात अंडं बहुतेक असतंच आणि काही ठिकाणी मांसही घालतात. त्या अंडं खात नसतील तर हा पदार्थ सोडा, आणि चीजमध्ये प्राण्यांचं विरजण असू शकतं हेही त्यांना आधीच सांगा. ‘sans viande, sans poisson, sans œufs’, म्हणजे मांस नको, मासे नको, अंडं नको, एवढं कागदावर फ्रेंचमध्ये लिहून घ्या आणि दाखवा. मी आईसाठी तसंच केलं होतं. वाढणाऱ्या बाईंनी चिठ्ठी आत नेली आणि परत येऊन भाजलेल्या भाज्या, डाळीची कोशिंबीर आणि पाव आणून दिला. बेकरीत अक्रोड-बेदाण्यांचा गोड पाव मिळतो, नाव ‘मृतांचा पाव’. मुळात तो नोव्हेंबरातल्या पितरांच्या दिवसाचा. त्यात काय घातलंय ते विचारून घ्या. सोबत ठेपले, चिवडा असेल तर उत्तमच.

वेळ अशी आखा: दुपारी तीनला बंदरावर पोचा, चारची बोट, मग छोट्या गाडीने वर. दुसऱ्या दिवशी सकाळी सात ते दहा पायवाट आणि गल्ल्या, तुम्हाला हवा तर जिना. गर्दी चढायला लागली की निघा. पोर्तो-वेक्कियो अर्ध्या-पाऊण तासावर आहे.

आणि पहिल्या दिवशीची संध्याकाळ गावाच्या पश्चिम टोकाला घालवा. कड्याच्या अगदी शेवटी समुद्राकडे तोंड करून एक दफनभूमी आहे, सां-फ्रांस्वा चर्चला लागून. प्रत्येक कुटुंबाची छोटी पांढरी समाधी-खोली, ओळीने, मधे वाटा, एखाद्या गावासारखी. वरचा भाग सपाट आहे, सासरे सहज चालतील. हळू बोला, कुणाच्या समाधीवर बसू नका. आम्ही गेलो तेव्हा एक आजी एका दाराशी फुलं बदलत होत्या. आईने न बोलता पाण्याची झारी त्यांच्याजवळ सरकवली. त्यांनी फुलांना पाणी घातलं, आणि उरलेलं शेजारच्या ओळीतल्या कुंडीत ओतलं.