सुरगाठ, निरगाठ आणि गाठीची क्रियापदं

प्रश्न असा आहे: ‘सुरगाठ म्हणजे सैल गाठ आणि निरगाठ म्हणजे घट्ट गाठ, असं आमच्या घरात सगळे धरून चालतात. ते बरोबर आहे का? आणि गाठ मारतात, बांधतात की घालतात?’

पहिल्या भागाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. गाठ किती आवळलेली आहे याच्याशी या दोन शब्दांचा संबंध नाही. ती सुटते कशी, यावर फरक ठरतो. टोक ओढलं की एका झटक्यात सुटते ती सुरगाठ. टोक ओढलं की आणखी आवळते ती निरगाठ.

हातात दोरी घेऊन पाहिलं तर लगेच पटेल. दोन टोकांचा एक पेच घातला आणि त्यावर दुसरा पेच घालताना एक टोक पूर्ण ओढून घेण्याऐवजी दुमडून फक्त त्याचा फासा बाहेर काढला, की सुरगाठ झाली. ती हवी तेवढी आवळा, पोत्याचं तोंड गच्च बांधा, तरी ती सुरगाठच राहते, कारण दुमडलेलं टोक ओढलं की फासा मागे निघून येतो. बुटाच्या नाडीला आपण घालतो ती दोन्ही टोकं दुमडलेली सुरगाठच. तेच टोक न दुमडता आरपार काढलं की निरगाठ. मग ती कितीही ढिली ठेवली तरी निरगाठच. म्हणून ‘सैलशी निरगाठ’ आणि ‘घट्ट सुरगाठ’ हे दोन्ही प्रयोग निर्दोष आहेत. ‘पायजम्याच्या नाडीला निरगाठ बसली’ हे घाईच्या वेळचं वाक्य घराघरात ऐकू येतं. तिथे बहुतेकदा झालेलं असतं ते इतकंच, की सुरगाठ सोडताना चुकीचं टोक ओढलं गेलं आणि दुसरं टोक फाशातून आरपार गेलं.

सुरगाठीची आणखी एका शब्दाशी गल्लत होते, तो म्हणजे सरकफास. सरकफासात गाठ आपल्याच दोरीवर पुढेमागे सरकते आणि ओढ बसली की वेढा लहान होत जातो. सुरगाठ सरकत नाही, सुटते. ही गल्लत मात्र टाळावी. पाळीव जनावराच्या गळ्यात सुरगाठ घातली तर वाईटात वाईट म्हणजे ते सुटून जाईल, सरकफास घातला तर जिवावर बेतेल.

निरगाठीचे पुन्हा दोन प्रकार आहेत. मराठीत त्यांना वेगळी नावं सर्रास वापरात नाहीत, ही मला उणीव वाटते, कारण फरक रोजच्या कामाचा आहे. उजवं टोक डाव्यावरून घेऊन पहिला पेच घातलात, तर दुसऱ्या पेचाला डावं उजव्यावरून यायला हवं. मग गाठ चपटी बसते आणि टोकं दोरीला समांतर राहतात. दोन्ही वेळा उजवंच वरून घेतलं तर गाठ वेडीवाकडी होते, टोकं आडवी बाहेर येतात आणि ताण आला की ती घसरते किंवा नको तिथे अडकून बसते. बुटाच्या नाडीवर याची परीक्षा सोपी आहे. दोन्ही फासे बुटाला आडवे पडले तर पेच बरोबर, बुटाच्या लांबीला धरून उभे राहिले तर उलटा. तेव्हा फक्त पहिला पेच दुसऱ्या बाजूने घालायचा, बाकी सवय बदलायची गरज नाही. 2017 साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अभियंत्यांनी नाड्या चालताना का सुटतात ते तपासलं. पाऊल जमिनीवर आपटतं तेव्हाच्या हादऱ्याने गाठ ढिली होते आणि हेलकावणारी मोकळी टोकं तिला ओढत राहतात, असं त्यांना दिसलं. हादरा गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 7 पट भरला. उलट्या पेचाची गाठ त्यांच्याकडेही लवकर सुटत होती. एक सावधगिरी इथेच सांगते: बरोबर पेचाची निरगाठसुद्धा माणसाचं वजन पेलायला वापरायची नसते. ती गठ्ठे आणि पुडकी बांधायला.

आता क्रियापदं. मारतात, बांधतात आणि घालतात, तिन्ही बरोबर, पण प्रत्येकाची जागा वेगळी. काम झटपट उरकायचं असतं तिथे गाठ मारतात: ‘पिशवीला गाठ मार.’ घालणं जरा निगुतीचं आहे. शिवताना दोऱ्याच्या टोकाला गाठ घालतात. घालण्याला आणखी एक अर्थ आहे, दोन माणसांची गाठ घालून देणं, आणि तिथे ‘मारणं’ अजिबात चालत नाही. बांधणं हे राखून ठेवण्यासाठी, म्हणून खूणगाठ बांधतात, मारत नाहीत. गाठ बसते ती आवळून पक्की होते तेव्हा. आणि गाठ पडते तेव्हा ती कुणी मारलेली नसते.

हे ‘पडणं’ मला सर्वांत आवडतं. दोरा डब्यात नीट ठेवलेला असतो, कुणी हात लावलेला नसतो, आणि काढावा तर गाठ. मराठीने इथे कर्ताच काढून टाकला आहे, आणि ते वस्तुस्थितीला धरून आहे. 2007 साली सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी दोरीचे तुकडे एका पेटीत टाकून पेटी फिरवली. काही सेकंदांत दोरीला आपोआप गाठी पडल्या. दोरी लांब असेल तर गाठ पडण्याची शक्यता वाढत गेली, आणि सुमारे 46 सेंटिमीटरपेक्षा आखूड तुकड्यांना जवळपास पडलीच नाही. शिवणाऱ्या बायका सुईत हातभरच दोरा ओवायला सांगतात. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा हात म्हणजे अठरा इंच, साधारण 45 सेंटिमीटर! सुईतला दोरा आणि पेटीतली दोरी यांची गत अगदी एकच नव्हे, तरी हा मेळ पाहून मला फार आनंद झाला. लांब दोरा ओवून वेळ वाचेल असं वाटतं, पण तो गाठी सोडवण्यात जातो.

माणसांचीही गाठ पडते, म्हणजे ठरवल्याशिवाय भेट होते, आणि ‘गाठ पडली ठकाठका’ ही म्हण त्यातूनच आली. ‘गाठीशी चार पैसे’ आणि ‘गाठचे पैसे’ हे प्रयोग पैसे कापडाच्या टोकाला बांधून ठेवण्याच्या सवयीची आठवण देतात. मूळ संस्कृत ‘ग्रंथि’, प्राकृतात ‘गंठि’, आणि बांधणं-ओवणं या अर्थाच्या त्याच धातूपासून ‘ग्रंथ’. मोल्सवर्थच्या कोशात ‘गांठ’ असं अनुस्वारासह दिसेल. न उच्चारले जाणारे असे अनुस्वार 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी गेले, तेव्हा आज ‘गाठ’ हेच लिहावं.

राहिलं सोडणं. सुरगाठ सोडतात आणि निरगाठ सोडवतात, हा भेद बहुतेकांच्या तोंडात नकळत असतो. ‘सोडवणं’ म्हटलं की खटपट आली. ‘उकलणं’ त्याहून निवांत, एकेक पदर बाजूला करत जाणं. निरगाठ सोडवताना टोक ओढायचा मोह होतो, त्याऐवजी ते ढकलायचं असतं. टोकाला त्याच्या मूळ पिळाच्या दिशेने आणखी पीळ द्या, ते बारीक आणि ताठ होईल, मग गाठीच्या पोटात रेटा. पिशवीच्या कानांना मारलेली गाठ अशीच सुटते. सुती नाडी ओली असेल तर आधी वाळू द्या, कारण ओलाव्याने सूत फुगतं आणि गाठ अधिक आवळते. चपटी, बरोबर पेचाची निरगाठ असेल तर आणखी सोपं. एका बाजूची दोरी आणि तिचंच मोकळं टोक दोन हातांत धरून विरुद्ध दिशांना जोरात ताणा. ती दोरी सरळ होते, दुसरी तिच्याभोवती नुसतं वेटोळं होऊन राहते, आणि ते वेटोळं बोटाने सरकवून काढता येतं. उलट्या पेचाच्या गाठीला ही युक्ती नीट लागू पडत नाही. तिथे जाड सुई किंवा दाभण घेऊन उकलत बसावं लागतं.