ताप १०३ आणि नाडी ८६, म्हणजे ऑक्सिमीटर बिघडलाय का?

तुम्ही लिहिलंय, भावाला पाच दिवस ताप आहे, १०३ असताना बोटावरच्या मशीनने नाडी ८६ दाखवली, आणि घरचे म्हणताहेत "नाडी नॉर्मल आहे, साधा व्हायरल असेल." हे वाचून राहवलं नाही. मशीन बिघडलं नसावं. पण १०३ तापात ८६ नाडी नॉर्मल नव्हे. ती १२०च्या आसपास हवी. १०२ ला ११०, पुढे दर डिग्रीला दहा वाढवायचे, असा ढोबळ हिशोब.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात सिस्टर होते. पावसाळ्यात तापाचे पेशंट इतके, की कॉरिडॉरमध्ये खाटा लागायच्या. अशा वेळी टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांची नोंद, कसा भरतात सांगू? टेंपरेचर बघायचं आणि नाडी अंदाजाने ठोकायची. ताप १०० तर ९६, ताप १०३ तर ११८. श्वास सगळ्या वॉर्डाचा २०! यावरून आमच्या इन्चार्जबाईंशी माझं कायम वाजायचं. त्यांचं म्हणणं, "तापात नाडी वाढतेच, मिनिटभर मनगट धरून बसायला वेळ कोणाला आहे?"

मग मेसला जेवणारा एक कॉलेजचा मुलगा ॲडमिट झाला. मलेरियाची स्लाइड निगेटिव्ह, सकाळच्या चार्टवर १०३ आणि ११८. दुपारी मी मनगट धरलं. कातडी चटका बसेल अशी, आणि बोटाखाली नाडी मात्र संथ, एकसारखी. पूर्ण मिनिट मोजली, ८४. जिभेवर पांढरा थर, कडा लाल. मुलगा हाकेला 'ओ' देत होता, पण उशिराने. राऊंडला डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, सकाळी ११८ आणि आता ८४? घड्याळ बंद पडलंय का तुमचं?" म्हटलं, सर, तुम्हीच धरा. त्यांनी धरली, भिंतीवरच्या काट्याकडे बघत राहिले आणि अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, पाठवायला सांगितलं. साल्मोनेला टायफी, म्हणजे टायफॉइडचा जंतू निघाला. इन्चार्जबाई म्हणाल्या, "योगायोग!" योगायोग कसला? ते खोटं ११८ तसंच राहिलं असतं, तर कोणाला शंकाही आली नसती.

बरं, ताप जास्त आणि नाडी त्या मानाने संथ, याला फाजेची खूण म्हणतात. एकोणिसाव्या शतकात न्यू ऑर्लिन्सच्या डॉ. फाजे यांनी पीतज्वरात (यलो फीवर) ती टिपली. पीतज्वर आपल्याकडे नाही, पण टायफॉइड घरोघरी.

आता तुमचा प्रश्न, टायफॉइडच का? नाही. स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप), लेप्टोस्पायरोसिस, डेंग्यू, लिजिओनेलाचा न्यूमोनिया, क्वचित औषधानेच येणारा ताप, यांतही असं दिसतं. उलट टायफॉइडच्या कितीतरी पेशंटची नाडी चांगली पळत असते. तेव्हा हा नुसता इशारा. पुरावा ब्लड कल्चरचा, आणि तेही अँटिबायोटिकच्या आधी घेतलेलं बरं. पहिल्या आठवड्यातल्या विडालवर, म्हणजे टायफॉइडच्या नेहमीच्या रक्ततपासणीवर, माझा काडीचा विश्वास नाही.

ताप आणि नाडी एकाच वेळी मोजा, पॅरासिटामॉलच्या आधी. ताप १०४ असतानाचा आणि नाडी घाम येऊन गेल्यावरची, असं जोडकाम नको. आणि नाडी हाताने मोजा, ऑक्सिमीटर नंतर लावा. भाऊ ॲडमिट झाला तर चार्टवरचा आकडा मोजून लिहिलाय का, हे खुशाल विचारा. सिस्टर रागावल्या तर रागावू देत.

हो, एक राहिलंच. भाऊ बीपीसाठी एटेनोलॉल-मेटोप्रोलॉलसारख्या नाडी मंद करणाऱ्या गोळ्या घेत असेल, पेसमेकर असेल किंवा हार्ट ब्लॉक (हृदयाच्या विद्युत संदेशातला अडथळा) असेल, तर हा हिशोब लागू नाही. लहान मुलांनाही नाही. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका. पाच दिवस ताप म्हणजे आजच डॉक्टरला दाखवा. आणि टायफॉइड ठरल्यावर कधी ताप एकदम उतरला, नाडी भराभर वाढली आणि पोट दुखायला लागलं, तर "ताप गेला" म्हणून खूश होऊ नका. आतड्यातून रक्तस्राव किंवा आतड्याला भोक पडल्याची शक्यता असते, तडक हॉस्पिटल गाठा.