वडिलांना स्मार्टफोन शिकवला तरी दोन दिवसांत विसरतात. काय करावं?

वडील ७१ वर्षांचे आहेत, एखादा चांगला कोर्स सुचवा, असं तुम्ही विचारलंय. कोर्सचं शेवटी सांगतो. आधी तो 'विसरतात' शब्द मागे घ्या. ज्येष्ठांच्या वर्गात मुलांच्या तोंडून मी तो सतत ऐकतो, आणि बहुतेक वेळा दोष स्मरणशक्तीचा नसतोच.

वय वाढलं की बोटाची कातडी कोरडी पडते. कोरड्या बोटाचा स्पर्श काचेला नीट कळत नाही. मग माणूस जोर लावतो, बोट दाबून धरतो. फोनला ते लाँग प्रेस वाटतं आणि भलताच मेनू उघडतो. तुम्ही म्हणता, कालच तर दाखवलं होतं! बोटाला किंचित क्रीम लावा. फोनच्या सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन 'टच अँड होल्ड डिले' लाँग करा. स्क्रीन टाइमआउट ३० सेकंदांवरून ५ मिनिटांवर न्या. जेश्चर (बोट सरकवून फोन चालवणं) बंद करून खालची तीन बटणं परत आणा. अक्षर मोठं करा, पण सगळ्यात मोठं नको. काही ॲपमध्ये 'पुढे'चं बटण स्क्रीनबाहेर जातं आणि ते शोधता शोधता माणूस रडकुंडीला येतो.

टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काका वर्गात येत. पेन्शन चालू राहावी म्हणून द्यायचा हयातीचा दाखला दर नोव्हेंबरला मुलगाच फोनवरून काढून द्यायचा आणि वर 'बाबांना जमत नाही' म्हणायचा. काकांचं अडत कुठे होतं, ते शेजारी बसल्यावर दिसलं. ओटीपीचा मेसेज वर चमकून जायचा. तो बघायला ते जीवन प्रमाण या दाखल्याच्या ॲपमधून बाहेर पडायचे आणि परतताना ॲप नव्याने उघडायचे, की सगळं पहिल्यापासून. उघड्या ॲपवर परत नेणारं खालचं चौकोनी बटण त्यांना शिकवलं, ओटीपी कागदावर उतरवायला लावला. ते मिटलं.

मग चेहरा. चेहरा ओळखणारं आधार फेस आरडी ॲप आधीच घालून ठेवलं होतं. पाठीमागे खिडकी नको, उजेड समोरून हवा, चष्म्यावर चमक येते म्हणून तो काढायचा. पण चष्मा काढला की स्क्रीनवरची सूचनाच वाचता येईना! म्हणून सूचना आधी पाठ केली: वर्तुळ हिरवं झालं की पापण्या मिटून उघडायच्या. पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर आणि पेन्शन देणाऱ्या बँकेचं नाव त्यांनी वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून आणलं होतं. ॲपच्या यादीतली बँक चुकीची निवडली तरी प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा, एसएमएस येतो आणि दाखला मागाहून नाकारला जाऊ शकतो. चौथ्या बैठकीत काकांनी सगळं एकट्याने केलं.

मुलाने फोन कधी त्यांच्या हातात राहूच दिला नव्हता. 'द्या इकडे, मी करतो' हे वाक्य घरात बंद करा. बोट त्यांचंच चाललं पाहिजे, तुमचे हात पाठीमागे. एका बैठकीत एकच काम, २० मिनिटं, आणि तेच दुसऱ्या दिवशी पुन्हा.

आणि तडा गेलेला, जागा भरलेला तुमचा जुना फोन त्यांना देऊ नका. सगळ्यात कच्च्या शिकाऱ्याच्या हाती सगळ्यात खराब अवजार द्यायचं आणि वर त्यालाच दोष द्यायचा, ही कुठली रीत?

फसवणुकीच्या भीतीने बँकेचं ॲप काढून टाकणंही मला मान्य नाही. वेगळं खातं उघडा, त्यात चार-पाच हजारच ठेवा, यूपीआय त्यालाच जोडा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. तिथेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबरही; पैसे गेले तर तासाभरात फोन करायचा, लाजेने दडवायचं नाही.

आता कोर्स. ग्रामीण डिजिटल साक्षरतेच्या सरकारी योजनेत वयाची अटच १४ ते ६० होती, म्हणजे तुमच्या वडिलांना तिथे दार बंदच होतं. मला विचाराल तर घरी, त्यांच्याच फोनवर, त्यांना ज्याची गरज आहे त्या कामापासून सुरुवात करा.

एक मात्र आहे. ते नेहमीचे रस्ते किंवा गॅस बंद करायलाही विसरत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा. हात थरथरत असेल तर टायपिंगच्या मागे लागू नका, जीबोर्डवर (गूगलच्या कीबोर्डवर) मराठीत बोलून लिहायला शिकवा.