सुटी सापडलेली जीवाश्म बी कोणत्या वनस्पतीची, हे कसं ठरवतात? आणि ‘बीजी नेचे’ हा खरा गट आहे का?

बीजी नेचे म्हणजे नेच्यासारखी पानं असलेल्या, पण बिया धरणाऱ्या नामशेष वनस्पती. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यातूनच निघतं, म्हणून आधी बीकडे वळतो.

बीला नाव द्यायला तिचं झाड माहीत असावंच लागतं असं नाही. जीवाश्मांच्या बाबतीत पानाला एक, खोडाला दुसरं आणि बीला तिसरं प्रजातीनाम चालतं. नामकरणाच्या नियमांनाच ते मान्य आहे. इतकंच कशाला, एकाच प्रकारची बी वालुकाश्मात तीन कंगोऱ्यांचा साचा म्हणून मिळाली तर ‘ट्रायगोनोकार्पस’, आणि पेशींसकट दगड झालेली मिळाली तर ‘पॅकीटेस्टा’. त्यामुळे नावं मोजून झाडांचा अंदाज बांधायला जाऊ नका.

नातं ठरवणं ही वेगळी गोष्ट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोपी विभागणी होती: चहूबाजूंनी सारख्या, गोलसर बिया एका बाजूला आणि चपट्या दुसऱ्या बाजूला. गोलसर त्या बीजी नेचे आणि सायकसच्या वाटेवरच्या, चपट्या त्या कॉर्डाइटीज या नामशेष वृक्षांच्या आणि पाइनसारख्या शंकुमंतांच्या. कॅलिस्टोफायटॉन या बीजी नेच्याने या विभागणीची पार वाट लावली. त्याची पानं नेच्यासारखी आणि बी मात्र चक्क चपटी! गिंकोच्या बीवरही कंगोरे बहुधा दोन असतात, पण अधूनमधून तीनही दिसतात. बाहेरच्या आकारावर माझा तरी फारसा भरवसा नाही.

भरवसा ठेवावा तो आतल्या कापावर. बीच्या मधला गाभा म्हणजे प्रदेह आणि त्याभोवतीचं अध्यावरण, हे दोन्ही एकमेकांना कुठपर्यंत चिकटलेत ते पाहायचं. लायजिनोप्टेरिस या बीजी नेच्याच्या गटात ते जवळजवळ शेंड्यापर्यंत जुळलेले असतात. मेड्युलोसा या दुसऱ्या बीजी नेच्याच्या गटात फक्त तळाशी जुळतात, आणि प्रदेहाला स्वतःच्या वाहिन्या असतात. कॉर्डाइटीजमध्येही जोड तळाशीच, पण वाहिन्या मुख्यतः अध्यावरणात.

हे दिसावं म्हणून कोळशाच्या थरातल्या चुनखडीच्या गोळ्यांचे, म्हणजे कोल बॉलचे, काप करतात. कापलेला पृष्ठभाग घासून गुळगुळीत करायचा आणि काही सेकंद सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात धरायचा. चुना थोडा विरघळतो, पेशीभित्ती केसभर वर उभ्या राहतात. मग धुऊन, वाळवून, ॲसिटोन ओतायचं आणि वर ॲसिटेटची पातळ फिल्म टाकायची. सुकल्यावर ती अलगद सोलली की पेशी तिच्यावर येतात. पुन्हा थोडं घासा, पुढचा थर घ्या. असं करत अख्खी बी थराथराने वाचता येते.

तरीही झाड कोणतं, हा प्रश्न उरतोच. बी झाडाला चिकटलेली मिळाली तर उत्तमच, पण तसं नशीब क्वचितच. १९०३ मध्ये ऑलिव्हर आणि स्कॉट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वेगळीच खूण पकडली. ‘लॅजिनोस्टोमा लोमॅक्सी’ ही जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरची बी एका पेल्यासारख्या वेष्टनात असते. त्या वेष्टनावर देठ आणि गोल डोकं असलेल्या ग्रंथी आहेत. हुबेहूब तशाच ग्रंथी लायजिनोप्टेरिसच्या खोडावर आणि पानांवर होत्या, आणि त्या थरातल्या दुसऱ्या कुठल्याच वनस्पतीवर नव्हत्या. नेचे समजल्या जाणाऱ्या पानांना बिया येत होत्या हे अशा रीतीने कळलं आणि ‘बीजी नेचे’ हा गट उभा राहिला.

आता तुमचा दुसरा प्रश्न. एकाच पूर्वजाची सगळी संतती, या अर्थाने तो खरा गट नाही. बहुतेक वंशवृक्षांत अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाची, डेव्होनियन काळातली (सुमारे ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वीचा काळ) एल्किन्सिया ही आद्य बीजधारी वनस्पती आणि लायजिनोप्टेरिस तळाशी येतात, मेड्युलोसा त्यांच्या वर, कॅलिस्टोफायटॉन आणखी वर. म्हणजे ‘बीजी नेचे’ ही एक फांदी नव्हे, खोडावरचे वेगवेगळे टप्पे आहेत, आणि आजच्या सगळ्या बीजधारी वनस्पती त्याच खोडातून फुटल्या. डीएनए इथे फारसा कामी येत नाही, कारण तो फक्त जिवंत टोकांचा मिळतो. नेटेल्स (फुलं नसलेल्या बीजधारी वनस्पतींचा एक छोटा, आजही जिवंत गट) हे फुलझाडांचे सख्खे नातलग ही १९८० च्या दशकातली कल्पना डीएनएने मोडीत काढली आणि त्यांना शंकुमंतांजवळ नेऊन बसवलं, हे खरं. पण मेड्युलोसा कुठे बसवायचा, ते त्याच्या बिया, खोड आणि परागच सांगणार.

खोडाच्याही खाली बियांऐवजी बीजुकांनी (स्पोअरनी) पुनरुत्पादन करणारे, पण लाकूड बनवणारे आर्किऑप्टेरिससारखे वृक्ष येतात. बेल्जियममधली रनकारिया ही जीवाश्म वनस्पती बीच्या उंबरठ्यावर दिसते: सुमारे ३८.५ कोटी वर्षांपूर्वीची, अध्यावरणाच्या जागी नुसत्या सुट्या पाकळ्या, आणि गाभा त्यातून वर डोकावणारा. बी दोन वेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे उगम पावली असावी, असंही एके काळी मांडलं गेलं होतं. एल्किन्सियाचं अख्खं झाड जुळवता आल्यावर ते मत बरंच मागे पडलं.